ड्रायव्हरच्या दोन दांड्या

निजामाच्या राज्यात मी जालन्याच्या कचेरीत अहलकार होतो, म्हणजे कारकून. घर तीर्थपुरीकडचं, शेतीवाल्यांचं. घराण्यात उर्दू शिकून शेरवानी घालणारा मी पहिलाच, एवढ्यावर वडील गावात बरेच दिवस ताठ चालत. मी गोल्फ खेळायला लागलो हे मात्र त्यांना कोणी कळवलं नाही. कळवायचं कसं हेच कोणाला सुचलं नाही.

झालं असं, की आमच्याकडे नवे दुय्यम तालुकदार, म्हणजे डेप्युटी कलेक्टर, बदलून आले. विलायतेत शिकलेले, उंच, शांत गृहस्थ. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटे. आल्या आल्या त्यांनी जुन्या छावणीच्या मैदानाची पाहणी केली. आम्हाला वाटलं, सरकारी इमारत होणार. साहेबांनी तिथं ठिकठिकाणी जमिनीत पत्र्याचे डबे पुरून घेतले आणि प्रत्येक डब्याशी एक झेंडी रोवली. मग रोज संध्याकाळी ते एकटेच लहानसा पांढरा चेंडू काठीने मारत पहिल्या डब्यापर्यंत न्यायचे, डब्यात पाडायचे, बाहेर काढायचे आणि दुसऱ्या डब्याकडे निघायचे. मागून चपराशी काठ्यांची पिशवी घेऊन चालायचा. गावातली माणसं चार दिवस बघायला गेली. डब्यातून चेंडूशिवाय काही निघत नाही हे बघून परत आली.

एकट्याने खेळून साहेबही कंटाळले. डॉक्टरांची कंबर धरलेली होती, मुन्सफांना ऊन सोसत नव्हतं. एक दिवस मी सहीला कागद घेऊन गेलो, तर साहेबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आपका कद अच्छा है," ते म्हणाले.

"जी हुजूर."

उंचीत माझं काही कर्तृत्व नव्हतं, पण त्याच संध्याकाळी मी शेरवानी आणि रुमी टोपीसकट मैदानावर उभा होतो.

पहिला फटका लांबचा असतो. तो मारायची काठीही सगळ्यात लांब, खाली लाकडाचं गरगरीत डोकं असलेली. तिला ड्रायव्हर म्हणतात. साहेबांनी त्यांची जुनी काठी मला दिली. मी मारलेला चेंडू उजवीकडच्या बाभळीत गेला. दुसराही तिथंच गेला. आठवडाभर मी चेंडू मारत होतो आणि चपराशी बाभळीतून काढत होता. त्याच्या हातांवरचे ओरखडे तो मला रोज न बोलता दाखवी.

साहेबांनी बराच विचार केला. "हाथ ठीक है," ते म्हणाले. "दांडी ठीक नहीं है. आपके लिए नया ड्रायव्हर मंगवाते हैं."

मी घरी येऊन बायकोला एवढंच सांगितलं की साहेब मला ड्रायव्हर देणार आहेत. जालन्यात तेव्हा ड्रायव्हर म्हणजे मोटार हाकणारा, आणि मोटारी असून असून किती असणार! दुसऱ्या दिवशी आमच्या मस्तगड मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत झालं की अहलकाराला सरकारातून मोटार मिळत आहे, ड्रायव्हर आधी येणार, गाडी मागून. शेजारचे मारवाडी शेठ कापडाच्या दुकानातून उठून माझं अभिनंदन करायला आले. ती काठी आहे हे ऐकल्यावर ते जरा वेळ बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "काठी तर काठी. साहेबाकडून येऊन राह्यली, ते मोठं."

आता दांडीचा प्रश्न. साहेबांनी मुंबईच्या दुकानातून तयार ड्रायव्हर मागवला. त्याला नव्या तऱ्हेची पोलादी दांडी होती, कारखान्यातून निघालेली, घेणारा कोण याची चौकशी न करता बनवलेली. पण साहेबांचा तिच्यावर भरवसा नव्हता. "शेरवानी नाप की, जूते नाप के," ते म्हणाले, "फिर दांडी बाजार की क्यों?" म्हणून त्यांनी सिकंदराबादहून एक कारागीर बोलावला. तो फौजेतल्या साहेबलोकांच्या काठ्या करायचा. लाकडाची दांडी माणसाच्या मापाने तासून द्यायचा.

कारागीर रेल्वेने आला. सोबत फीत आणि निरनिराळ्या जाडीच्या दांड्यांचा भारा. माझं माप घ्यायचं म्हणून मी मैदानात उभा राहिलो. साहेब समोर खुर्चीवर बसले. त्याने माझी उंची मोजली, मनगट जमिनीपासून किती वर येतं ते मोजलं, पंजा मोजला. मग एकेक दांडी हातात देऊन घुमवायला लावली.

"कैसी लगी?" त्याने मला विचारलं.

"जरा भारी है इनको," साहेब म्हणाले.

त्याने दुसरी दिली. "और ये?"

"ये लचकती ज्यादा है," साहेब म्हणाले. "इनका हाथ तेज है."

माझा हात तेज आहे हे मला तेव्हाच कळलं. शेवटी एक दांडी साहेबांना पसंत पडली. कारागिराने तिच्यावर खूण केली आणि म्हणाला, "हुजूर, अब ये इनके सिवा किसी के काम की नहीं."

महिन्याभरात ती काठी पार्सलने आली. दिसायला देखणी, मधाच्या रंगाची. साहेबांसमोर मी पहिला फटका मारला आणि चेंडू सरळ झेंडीकडे गेला. दुसराही सरळ गेला. चपराशाने आभाळाकडे हात जोडले. साहेब फक्त म्हणाले, "नाप."

पण त्यांचा हुकूम होता की मी रोज सकाळी एकट्याने सराव करावा. सकाळी मैदानावर चेंडू हुडकणाऱ्या चपराशाशिवाय कोणी नसायचं. मी धोतर-सदऱ्यात जायचो. आणि सकाळी मापाच्या दांडीने मारलेला चेंडू डावीकडे, थेट पलीकडच्या ज्वारीत जायचा. वैतागून मी तयार ड्रायव्हर काढला, तर चेंडू सरळ. संध्याकाळी साहेबांसमोर मापाची दांडी पुन्हा सरळ, आणि तयार दांडी उजवीकडे बाभळीत. मला वाटलं, दोन्ही काठ्यांत काही बिघाड आहे, नाहीतर माझ्यात.

हे मी शेठजींना सांगितलं, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी गादीवर बसून सगळं ऐकून घेतलं.

"माप घेतलं तेव्हा साहेब कुठं होते?" त्यांनी विचारलं.

"समोरच बसले होते."

"मंग बराबर हाय. आमच्या दुकानात शिंपी बसतो. गिऱ्हाइकासंगं सासरा आला असला की गिऱ्हाईक छाती काढतं, पोट आत घेतं. शिंपी बिचारा त्याच अंगाचं माप घेतो. कोट घरी गेला की तंग. तुमी साहेबासमोर जसे उभे राह्यले, तशा माणसाची काठी झाली ती. तो माणूस सकाळी येतच न्हाई."

मला ते पटलं. पण पटून उपयोग नव्हता, कारण साहेबांना सांगणार कोण?

थंडीत रेल्वेचे एक गोरे इंजिनिअर पाहणीला आले आणि साहेबांनी त्यांच्याशी माझा सामना ठरवला. इंजिनिअर चांगले खेळत. साहेब माझ्या शेजारून चालत होते, म्हणून मीही चांगला खेळत होतो. पहिल्या काही डब्यांपर्यंत आमची बरोबरी होती. तेवढ्यात एक जमादार घोड्यावर आला. अंबडकडे कसला तरी दंगा झाला होता, साहेबांना लगेच निघणं भाग होतं.

"खेल जारी रखिए," साहेब म्हणाले आणि गेले.

त्यांची पाठ झेंडीपलीकडे दिसेनाशी झाली तसे माझे खांदे आपोआप खाली आले. मी मापाच्या दांडीने मारलं, चेंडू ज्वारीत. चपराशाने माझ्याकडे पाहिलं, पिशवीत हात घातला आणि तयार ड्रायव्हर पुढे केला. मी टोपी काढून त्याच्याकडे दिली. त्यानंतर मी जसा खेळलो तसा कधीच खेळलो नव्हतो. चेंडू निघताना हाताला काही कळतच नसे, फक्त दूरवर तो पडलेला दिसे. मला फार आनंद होत होता आणि तो कोणाला दाखवावा हे कळत नव्हतं. शेवटच्या डब्यावर मी जिंकलो. इंजिनिअरनी हात मिळवला आणि साहेबांना निरोप ठेवला की तुमचा माणूस उत्तम आहे.

साहेब परतल्यावर म्हणाले, "देखा? नाप."

"जी हुजूर," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही शेवटचे खेळलो. साहेबांनी दोन्ही ड्रायव्हर माझ्यासमोर धरले. "एक आप रखिए. कौन सी?"

अपेक्षित उत्तर मधाच्या रंगाच्या काठीचं होतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. माझ्या तोंडून मात्र निघालं, "हुजूर, तयारवाली."

साहेबांनी दोन्ही काठ्या खाली टेकवल्या. "ये कब से?"

"शुरू से, हुजूर."

"कारीगर ने पूछा था. बोले क्यों नहीं?"

"उसने मुझसे पूछा था, हुजूर. जवाब आपने दिया."

चपराशी पिशवीचा पट्टा सोडून पुन्हा बांधू लागला. वाटलं, आता नोकरी गेली. साहेबांनी मापाच्या काठीकडे पाहिलं, चेंडू ठेवला आणि मारला. तो माझ्या कोणत्याही फटक्यापेक्षा लांब, सरळ, झेंडीच्याही पुढे गेला. ते जागेवर उभे राहून बघत राहिले आणि मग हसले. दोन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"ये तो मेरी निकली," ते म्हणाले. तयार ड्रायव्हर त्यांनी माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांच्यानंतरच्या साहेबांना शिकारीचा शौक होता. डबे आणि झेंड्या लोकांनी घरोघर नेल्या. मी मात्र सकाळी जात राहिलो. ज्या दिशेला मोकळं दिसेल तिकडे चेंडू मारायचा आणि चालत जाऊन आणायचा. एक दिवस बायको म्हणाली, "रोज एवढं काय करून राह्यले, मला बघू द्या."

तिने पदर खोचला, काठी निम्म्यावर धरली, आणि मी कसं उभं राहायचं ते सांगायला तोंड उघडलं.

"तुमी बोलू नका," ती म्हणाली आणि तिने मारलं.

चेंडू ओढ्यापलीकडे गेला. आम्ही दोघं तो शोधायला निघालो.