डबा कुठवर आलाय?

माझे सासरे अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात चाळीसेक ट्रकवर नजर ठेवून बसले होते. माझं कामच ते. कल्याणच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी गाड्यांचं ट्रॅकिंग बघते. कुठली गाडी कुठे पोचली, कुठे थांबली, सगळं समोरच्या स्क्रीनवर ठिपक्याठिपक्यांनी दिसत असतं. नवरा फोनवर एवढंच म्हणाला, "मेघा, घरी ये. अण्णा गेले." दुपारचं जेवण झालं होतं, खुर्चीत पेपर वाचत बसले होते आणि तसेच गेले. अडतीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस घरच्या खुर्चीत, भरल्या पोटी गेला. त्यांच्या ओळखीच्या किती ड्रायव्हरांना असं जाणं मिळालं असेल, असं डोंबिवलीला पोचेपर्यंत मी स्वतःला सांगत राहिले, आणि रडतही राहिले.

घरात माणसं जमली होती. माझ्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहिल्यावर त्यांनी हात धरला, डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "अगं, डबा कुठवर आलाय?"

जमलेल्या लोकांना वाटलं, धक्क्याने काहीतरी बोलताहेत. मला मात्र प्रश्न बरोबर कळला. आणि चाळीस गाड्यांचा ठावठिकाणा तोंडपाठ सांगणाऱ्या मला तो एक डबा कुठे आहे हे ठाऊक नव्हतं.

या डब्याची गोष्ट सांगितल्याशिवाय अण्णा सांगता यायचे नाहीत. तीन कप्प्यांचा साधा स्टीलचा डबा, झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलेलं, 'शकुंतला, डोंबिवली पूर्व'. अण्णांनी गाडी हाती घेतली त्या काळात ड्रायव्हर घराबाहेर पडला की पडला. पंधरा दिवस, कधी महिनाही. घरी फोन नाही, आणि पत्र टाकावं तर पत्राआधी माणूस पोचायचा. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, नवं लग्न झालेलं. त्या म्हणाल्या, "मला कळायला नको, तुम्ही आहात कुठे?" त्यावर अण्णांनी काढलेली युक्ती म्हणजे हा डबा. निघताना आई तो भरून द्यायच्या. लांबच्या गावी परतीचा माल भरायला अण्णांना एखाददोन दिवस थांबावं लागायचंच. तेवढ्यात आपल्याआधी मुंबईकडे निघालेला कुणी ओळखीचा गाठून ते डबा त्याच्या हवाली करायचे. तो शीळफाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात ठेवायचा आणि तिथून कुणीतरी घरी पोचवायचं. डबा रिकामा कधी येत नसे. अण्णा जिथे असतील तिथलं काहीतरी त्यात असायचं. संत्री असली तर नागपूर, सुक्या मिरच्या असल्या तर ब्याडगी, द्राक्षं असली तर नाशिक. आई झाकण उघडायच्या, वास घ्यायच्या आणि दिवस मोजून वाल भिजत घालायच्या. अण्णांना वालाचं बिरडं प्राणाहून प्रिय, आणि वाल भिजवा, मोड आणा, सोला, म्हणजे दोन दिवसांचं काम. पण हिशेब असा चोख की अण्णा दारात आणि बिरडं पानात. मोबाईल नव्हता तेव्हा या बाईने माणसाचं ट्रॅकिंग वालाच्या मोडांवर केलंय.

एकदाच काय ती गफलत झाली, आणि ती आमच्या घरात अजून गाजते. अण्णांनी नागपूरहून संत्री भरून डबा गंगाराम नावाच्या दोस्ताकडे दिला. गंगारामकाकांना वाटेत भूक लागली. एक संत्रं, दोन संत्री करता करता डबा साफ. नाशिकला आल्यावर त्यांना भान आलं की डबा रिकामा न्यायचा नसतो. मग त्यांनी भल्या मनाने त्यात द्राक्षं भरली! आईंनी झाकण उघडलं, द्राक्षं पाहिली, म्हणजे स्वारी नाशिकला, तिथे माल लगेच भरतो, म्हणजे संध्याकाळी घरी. वालाला वेळच नाही म्हणून त्यांनी घाईघाईने दुसरी भाजी केली, चांगली साडी नेसून खिडकीत बसल्या. संध्याकाळ गेली. दुसरा दिवस गेला. कसारा घाटात काही झालं असेल का, या विचाराने त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी अण्णा शीळ घालत जिना चढले आणि म्हणाले, "शकू, बिरड्याचा वास कसा नाही येत?" पुढचे चार दिवस आई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. गंगारामकाका पुढच्या खेपेला दारात येऊन उभे राहिले, कान पकडून. "वहिनी, संत्री मीच खाल्लेली. रिकामा कसा देऊ म्हणून द्राक्षं घातली. माझ्या काय डोक्यात आलं नाय." त्यानंतर अण्णांनी सगळ्या दोस्तांना नियम घालून दिला, डब्यातलं काढायचं नाही, हवं तर वर घाला. आणि गंगारामकाका दर वर्षी संत्र्यांची पेटी घेऊन माफी मागायला येत राहिले. आता पंचाहत्तरीला आलेत, तरी येतात.

मी या घरात आले ती ठाण्यातल्या वर्तकनगरच्या सरकारी नोकरदारांच्या वस्तीतून. ड्रायव्हरचं घर म्हणून माझ्या मावशीने नाक मुरडलं होतं. बघण्याच्या कार्यक्रमात बाकीच्यांनी शिक्षण, स्वयंपाक वगैरे विचारून झाल्यावर अण्णांनी मला एकच प्रश्न विचारला, "गाडी लागते का गं तुला?" मी नाही म्हणाले. "मग झालं," म्हणाले आणि पोह्यांकडे वळले. पुढे मी ट्रान्सपोर्टमध्ये लागले तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. एकदा त्यांना ऑफिसात नेलं, कौतुकाने स्क्रीन दाखवली. बराच वेळ चष्मा सारखा करत बघत राहिले. मग एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा जेवला का?"

"अण्णा, ते नाही कळत यात."

"मग काय कळतं? गाडी कळते. माणूस नाय कळत."

यावरून कुणाला वाटेल की म्हातारा नव्या काळावर चिडलेला होता, तर मुळीच नाही. आमच्या यार्डात एसी केबिनची नवीकोरी गाडी उभी होती, तिच्यात ते हट्टाने चढून बसले. सीट वरखाली करून पाहिली, वारा तोंडावर घेतला, स्टिअरिंग एका बोटाने फिरवलं आणि लहान मुलासारखे हसले. "असली गाडी मला असती ना मेघा, तर मी घरीच आलो नसतो." त्यांच्या काळात इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हरच्या मांडीला चटके देत असायचं. पण त्याच गरम झाकणावर डबा ठेवला की भाकरी तव्यावरून काढल्यासारखी मिळायची, हेही ते सांगायचे. चार गाड्या जोडीने निघायच्या, रस्त्याकडेला स्टोव्ह पेटायचा, एकाचं पीठ, दुसऱ्याची डाळ. आता टोलवर थांबावं लागत नाही, रस्ते गुळगुळीत झाले, घरी व्हिडिओ कॉल होतो. पण ड्रायव्हर केबिनमध्ये एकटा असतो, आणि दहा मिनिटं जास्त थांबला की माझ्यासारखी कुणीतरी फोन करते, गाडी का थांबली म्हणून. त्या दिवसापासून मी फोनवर आधी विचारते, जेवलात का? सुरुवातीला ड्रायव्हर गोंधळायचे. आता तेच मला विचारतात.

निवृत्तीनंतरही अण्णांचा डबा थांबला नाही. कर्नाटकात ब्याडगीला त्यांचे जुने जोडीदार बसप्पा राहतात. गुडघ्यांमुळे त्यांनीही गाडी सोडली. दर शनिवारी अण्णा शीळफाट्यावर त्या पंक्चरच्या दुकानात जाऊन बसायचे. तिथे आता जुन्या मालकाचा मुलगा सलीम असतो. आईंच्या चकल्यांनी भरलेला डबा तिकडे जाणाऱ्या कुठल्याशा गाडीत बसायचा आणि दोन-तीन आठवड्यांनी मिरच्या घेऊन परतायचा. "कुरिअर करा ना अण्णा," असं माझा नवरा म्हणाला तर उत्तर तयार, "कुरिअरवाला बसप्पाचा गुडघा बघून येईल काय?"

तर अण्णा गेले तेव्हा हा डबा रस्त्यावर होता. सलीमला विचारलं. तो म्हणाला, "भाभी, अण्णांनी स्वतःच कोणाला तरी दिलेला. कर्नाटक पासिंगची गाडी होती, बाकी नाय माहीत." बसप्पांचा फोन लागेना. इकडे आईंचं एकच. "डबा यायचाय म्हणजे ते अजून वाटेत आहेत." तेराव्याला अण्णांच्या आवडीचं बिरडं करायचं ठरलं, तर त्यांनी सरळ नाही म्हटलं. "डबा आल्याशिवाय मी वाल भिजवत नाही. आजवर कधी भिजवले?" नातेवाईक कुजबुजले. मला मात्र ती बाई खिडकीतून हलत नाही, नीट जेवत नाही, हे बघवेना. द्राक्षांच्या वेळेसारखी ती पुन्हा वाट बघत होती, आणि या वेळी तिसऱ्या दिवशी जिन्यात शीळ वाजणार नव्हती...

मग मी माझ्या ठिपक्यांना कामाला लावलं. पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या आमच्या एकेका ड्रायव्हरला फोन केला. जेवलात का, आणि असा असा डबा दिसला तर सांगा. त्यांनी त्यांच्या ओळखीच्यांना सांगितलं. चार दिवसांनी एकाचा फोन आला, "मॅडम, डबा बसप्पांकडून निघालाय. बेळगावात बघितला." त्यानंतर काही नाही. आठ दिवस सगळं चिडीचूप.

एका रविवारी सकाळी सलीम डबा छातीशी धरून जिना चढून आला. डबा जड होता. आईंनी तो स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवला, समोर मांडी घालून बसल्या. तळाच्या कप्प्यात सुरकुतलेल्या लालभडक मिरच्या. "ब्याडगी," आई म्हणाल्या. मिरच्यांवर कागदात बांधलेला, जरा वाळलेला कुंदा. "बेळगाव." मधल्या कप्प्यात गुळाचा खडा. "कोल्हापूर." त्याच्या बाजूला कंदी पेढे. "सातारा." वरच्या कप्प्यात चिक्की. "लोणावळा, घाट उतरले." आता एकच ड्रायव्हर पूर्ण रस्ता जात नाही. डबा चार गाड्या बदलत आला होता, आणि प्रत्येकाने अण्णांचा नियम पाळला होता. आतलं काढलं नव्हतं, वर घातलं होतं. आणि सगळ्यांत वर चिक्कीवर टायरच्या व्हॉल्व्हचं एक चकचकीत पितळी टोपण होतं. सलीम ओशाळून म्हणाला, "आमच्याकडे दुसरं काय पिकतं, चाची?"

आई हसल्या. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा, चांगल्या मोठ्याने हसल्या. टोपण हातात घेऊन म्हणाल्या, "शीळफाटा. आले हो." मग डोळ्यांना पदर लावला आणि उठून फळीवरचा वालाचा डबा काढला. "मेघा, मोठं पातेलं दे. परवा सगळ्यांना जेवायला बोलव. गंगारामभावजींना सांग, संत्री आणू नका, नुसते या."

त्या बिरड्याच्या पंगतीत जितकं हसणं झालं तितकं आमच्याकडे लग्नातही झालं नव्हतं. गंगारामकाकांनी संत्री आणलीच.

हे लिहिताना मी ऑफिसातून नुकतीच आलेय. फळीवर डब्याची जागा रिकामी आहे. मागच्या आठवड्यात आईंनी तो घासून, चकल्या भरून, स्वतः रिक्षाने शीळफाट्याला नेऊन दिला. स्वयंपाकघरातून आत्ताच हाक आली, "मेघा, डबा कुठवर आलाय गं?"

"माहीत नाही आई," मी म्हटलं, "पण येतोय."