चाल कुणाची

न केलेल्या चोरीची कबुली द्यायला इतका उतावीळ झालेला माणूस सबंध माळव्यात एकच असेल, आणि तो माझा आतेभाऊ आहे. देवासला राहतो, कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात त्याचा एक रॉक बँड आहे. ‘आहे’ म्हणताना माझी जीभ जरा अडखळते, पण ते पुढे येईलच. बँडमध्ये तिघे. हा गिटार वाजवतो नि गातो, एक ड्रमवाला आणि बेस गिटार वाजवणारी एक मुलगी. हे लोक दुसऱ्यांची गाणी वाजवत नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये लोकांच्या ओळखीची गाणी वाजवली तर टाळ्याही मिळतात नि जेवणही, पण यांचं म्हणणं, वाजवायचं ते स्वतःचं. तत्त्व उत्तम आहे. पण स्वतःचं ते खरोखर स्वतःचंच कशावरून, या एका प्रश्नानं माझ्या भावाची झोप गेली, भूक गेली आणि घरच्यांच्या मते थोडं डोकंही गेलं.

नवी चाल सुचली की पहिला फोन मला येतो. मी धारला असते, सकाळची डब्यांची घाई, हात कणकेत. “ताई, हातातलं ठेव आणि ऐक,” एवढं बोलून तो फोन टेबलावर ठेवतो आणि गिटार छेडायला लागतो. वाजवून झालं की जीव मुठीत धरून विचारतो, कुठे ऐकलंय का? ऐकल्यासारखं वाटतंय म्हटलं तर त्याचा आवाज बसतो आणि दोन दिवस आत्याचे काळजीचे फोन सुरू होतात. नाही ऐकलं म्हटलं तर म्हणतो, तुझं ऐकणंच फार कमी आहे. म्हणजे मी काहीही बोलले तरी तो चोरच ठरायचा. मी कंटाळले म्हणून त्यानं इतरांना धरलं. एकदा सकाळी पोह्यांच्या गाडीवर गिटार घेऊन गेला आणि गाडीवाल्याला चाल ऐकवली. तो बिचारा शेव भुरभुरत कौतुकानं म्हणाला, “भिया, मस्त है, एकदम सुना-सुना लग रिया है.” आमच्याकडे ही शाबासकी असते. ऐकल्यासारखं वाटतं म्हणजे गोड आहे, मनात बसलं. पण माझा भाऊ पोहे तसेच ठेवून घरी आला. देवासचा माणूस वाढलेले पोहे टाकून येतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

मग त्यानं गाणी ऐकणंच सोडलं. कानात गेलं तर डोक्यात जाईल, डोक्यात गेलं तर बोटांत उतरेल, असा त्याचा हिशोब. चुलत बहिणीच्या लग्नात पठ्ठ्या कानांत कापूस घालून वरातीत चालला आणि नवरदेवाच्या मामांनी नाव विचारलं तर ‘हो, जेवलो’ म्हणाला. नवरात्रात देवीच्या टेकडीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी भोंगे लागतात, तेव्हा तो पायी जातानाही हेल्मेट घालायचा. शेजारच्या काकूंना वाटलं, डोक्याला मार लागलाय. एका वर्षी या आवाजाला कंटाळून तो हाटपिपल्याला एका नातेवाइकांकडे पळाला, तर त्यांच्या खिडकीलाच भोंगा बांधलेला. शेवटी गिटार घेऊन मांडूला आला, मलाही बरोबर नेलं. तिथल्या पडक्या महालांत आडदिवशी चिटपाखरू नसतं. एका ओसाड जागी बसून त्यानं नवी चाल वाजवली आणि समोरच्या भिंतींवरून ती जशीच्या तशी परत आली. त्याचा चेहरा पडला. “बघ ताई,” तो म्हणाला, “इथेही आधीपासून आहेच.” मी हसले. त्यानं मात्र गिटार पिशवीत भरली आणि घाटाकडे चालायला लागला.

पण काहीच न ऐकणारा माणूस आपण कुणाची नक्कल केली हे ओळखणार कसं? ही शंका त्याला एक दिवस आंघोळ करताना आली आणि मग कापूस गेला, हेल्मेट गेलं आणि रविवार आले. रविवारी तो दार लावून जगभरातले बँड ऐकायचा, परीक्षेचा निकाल बघावा तसा घाबरत घाबरत. फिनलंडच्या कुठल्याशा बँडच्या एका गाण्यात त्याला स्वतःच्या चालीसारखा एक तुकडा सापडला. त्यानं आपलं गाणं तर रद्द केलंच, वर त्या लोकांना माफीची मेल पाठवली. त्यांचं भलेपणानं उत्तर आलं की तुमचं गाणं आम्ही ऐकलेलं नाही, पण काही हरकत नाही, शुभेच्छा. हरकत नाही म्हणजे चोरी झालीय हे त्यांना मान्य आहे, असा अर्थ यानं काढला. ड्रमवाला फार शांत मुलगा, पण त्या दिवशी तोही चिडला. म्हणाला, भिया, सात सूर आहेत, कुठे ना कुठे जुळणारच, सारी दुनियाच चोर आहे का? असं करत बँडचं एकही गाणं बाहेर पडेना. तिघांनी बसवायचं, आणि यानं कुणीतरी परदेशी माणूस शोधून ते त्याला बहाल करायचं.

अशातच ते बायपासचं गाणं झालं. देवासला बायपास झाल्यापासून मोठ्या गाड्या बाहेरच्या बाहेर जातात, गावात कुणी येत नाही, यावरचं साधं गाणं. ‘सगळे गेले बायपासनं, तू गावातून ये’ ही त्याची ध्रुवपदाची ओळ. मी फोनवर ऐकलं आणि कणकेचे हात तसेच राहिले. मी छातीठोकपणे म्हणाले, हे मी कुठेही ऐकलेलं नाही. बेसवाली म्हणाली, हे इंटरनेटवर टाकायचंच. ड्रमवाल्याला हैदराबादला नोकरी लागली होती. तो म्हणाला, जायच्या आधी निदान एक गाणं आपल्या नावावर असू दे. भाऊही कसाबसा तयार झाला. ठरलं असं की गणपतीत इथल्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये आधी वाजवायचं आणि मग रेकॉर्ड करायचं. मी रजा काढून देवासला गेले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

आता आमच्या समाजाच्या स्टेजची एक रीत आहे. भावगीत असो की फिल्मी गाणं, मूळ कोणाचं ते सांगितल्याशिवाय निवेदक कुणाला माइक देत नाहीत. मोठ्यांचा मान राहिला पाहिजे, असं त्यामागचं कारण. निवेदक म्हणजे समाजातले एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी माझ्या भावाला स्टेजच्या पायरीवरच गाठलं आणि विचारलं, “मूळ कुणाचं?”

त्यानं फक्त ‘माझं’ म्हणायचं होतं. बेसवालीनं मागून ढोसलंसुद्धा. पण इतकी वर्षं ज्याची खात्री पटली नाही ते एवढ्या लोकांसमोर, गणपतीच्या पुढ्यात, शपथेवर कसं सांगायचं? तो घाम पुसत म्हणाला, “तसं नक्की सांगता येत नाही, सर.” सरांनी क्षणभर विचार केला आणि माइकवर भरदार आवाजात जाहीर केलं, “सादर आहे एक पारंपरिक गीत.”

पुढे जे झालं ते आमच्याच लोकांत होऊ शकतं. आम्ही मुलुखापासून लांब राहिलेली माणसं. मुलं हिंदी शाळांत शिकली, मराठी वाचायचं म्हटलं की त्यांना कापरं भरतं. म्हणून जुनं जे काही आहे ते आपल्या घरात जपलेलं आहे, ही आम्हा प्रत्येकाची शान. पारंपरिक म्हटल्यावर ते आपल्याला ठाऊक नाही, असं कोण कबूल करणार? दुसऱ्या कडव्याला पुढच्या खुर्च्यांवरच्या बायका माना डोलवत होत्या आणि शेवटी सगळा हॉल ‘तू गावातून ये’ म्हणत होता. खाली उतरल्यावर त्याला बायकांनी घेरलं. एक म्हणाली, आमच्या माहेरी म्हणायचे हे. दुसरी म्हणाली, आमच्याकडे याला आणखी एक कडवं आहे. माझ्याबरोबर धारहून आलेल्या चुलत सासूबाई मुद्दाम काठी टेकत आल्या. त्यांचं घराणं एके काळी दरबाराच्या कामातलं, बोलणं अजून त्याच वळणाचं. “आमच्या मातोश्री म्हणत असत हे,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “पुष्कळ वर्षांनी कानी पडलं.” माझ्या भावाचा चेहरा मी पाहिला. फिनलंडनं माफ केलं होतं, पण इथे तर घरच्याच साक्षी निघाल्या.

रेकॉर्डिंग थांबलं. ड्रमवाल्याची निघायची वेळ जवळ येत होती, बेसवाली मला फोन करून जवळजवळ रडली, आणि हा धारला येऊन माझ्या घरी मुक्कामाला बसला. का, तर खात्री करायची. मी त्याला चुलत सासूबाईंकडे नेलं. त्यांनी चिवडा दिला, लाडू दिला आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. मला राहवेना.

“पण काकू, यात बायपास आहे,” मी म्हणाले.

“असेल,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पूर्वी सगळं असायचं.”

मला वाटलं, आता तरी याचं मन हलकं होईल. घरी येताना मी त्याला परोपरीनं समजावलं, अरे, त्यांच्या मातोश्री गेल्या तेव्हा देवासला धड रस्ता नव्हता, बायपास कुठला? तो खाली बघत चालत होता. म्हणाला, “शब्द माझे असतील ताई. चालीचं कसं सांगू?” त्या महिन्यात ड्रमवाला हैदराबादला गेला. भाऊ त्याला स्टेशनवर सोडायला गेला होता. परत येऊन त्यानं गिटार कपाटात उभी केली. मला त्याचा इतका राग आला होता की मी त्याच्याशी बोलायचं सोडलं, आणि सकाळी फोन वाजला नाही की जिवाला घोरही लागायचा. आता तो कुणाला काही विचारत नव्हता.

मग माझ्या नणंदेच्या नातवाचं बारसं आलं. आत्यानं आपल्या हातांनी शिवलेली कुंची त्याच्याबरोबर पाठवली होती, म्हणून तो आला. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, पण बाळ काही केल्या रडायचं थांबेना. चुलत सासूबाईंनी पाळण्याची दोरी हातात घेतली आणि सुरू केलं, “सगळे गेले बायपासनं, बाळा, तू गावातून ये.” बाकीच्या बायकांनी उचललं. सगळ्यांना येत होतं. दारात घुगऱ्यांची वाटी घेऊन उभा असलेला माझा भाऊ नकळत त्यांच्याबरोबर गुणगुणायला लागला. सासूबाईंनी मान वळवली.

“तसं नव्हे हो,” त्या म्हणाल्या. “शेवटास खाली उतरायचं. वर नाही न्यायचं.”

त्यानं वाटी खाली ठेवली आणि पुन्हा म्हटलं. चुकलं. त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं, त्यानं मान डोलावली आणि तिसऱ्यांदा त्याला जमलं. मग त्यांनी दोरी त्याच्या हातात दिली, कारण त्यांचा हात दुखायला लागला होता. बाळाची आई मोबाइलवर कधीची ते गाणं शोधत होती. कुठेच मिळत नाही म्हणाली, आणि विचारलं, “आजी, किसका है ये? इतकं गोड आहे.”

“कुणाचं असायचं?” सासूबाई म्हणाल्या. “आपल्यातलंच आहे, जुनं.”

मला इतकं भरून आलं की आता सांगूनच टाकावं, याचं आहे म्हणून ओरडावं, असं वाटलं. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यानं मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं.

“राहू दे ताई,” तो हळूच म्हणाला. “झोपतंय ते.”

आणि तो दोरी ओढत गात राहिला, बायकांच्या मागून, त्यांनी सांगितलं होतं तिथे बरोबर खाली उतरत.