शेवंताच्या पाटीतले हलते मासे

वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या मजल्यावर सकाळी एक हाक यायची, "पापलेऽऽट, बांगडाऽऽ!" ती शेवंताची. कोळीवाड्यातून चालत यायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर माशांची पाटी आणि दोन्ही हात मोकळे. एका हातानं लुगडं सावरत, दुसऱ्यानं जिन्यातल्या एखाद्या पोराचा गाल ओढत वर चढायची. पाटी जराही कलायची नाही.

गिरण्यांचा संप लांबला तेव्हा चाळीत पापलेट घेणारं कुणी उरलं नाही. बाकीच्या कोळणी दुसरीकडे वळल्या. शेवंता मात्र सुकट आणि सुके बोंबील घेऊन येत राहिली. समोरच्या खोलीतल्या सुंदराबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होत्या. त्या एकदा म्हणाल्या, "अगं, आता इथं काय ठेवलंय तुला?"

"माणसं हायेत ना," शेवंता म्हणाली. "माणसं जेवतीलच की."

सुंदराबाईंना पुन्हा गिरणीत काही घेतलं नाही. त्या घरी शिवणकाम करू लागल्या, आणि दुपारी शेवंता त्यांच्याच दारात टेकायची.

काही वर्षांनी शेवंताचे पाय ताठ व्हायला लागले. चप्पल पायातून निसटून मागे राहायची तरी तिला कळायचं नाही. लघवीची घाई व्हायची, आणि घाईनं चालता तर येत नव्हतं. विचारलं की म्हणायची, "वय झालं." पण तिनं नुकतीच कुठे चाळिशी गाठली होती.

एकदा सुंदराबाईंना मासे दाखवता दाखवता ती थांबली. "हा बांगडा हलतोय गो."

"मेलेला बांगडा कसा हलेल?"

"बघ ना, थरथरतोय. एवढा ताजा माल कधी दिला नसेल तुला!" आणि स्वतःच खो खो हसली.

सुंदराबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. शेवंताची बुबुळं हळूच एका बाजूला सरकत होती आणि झटक्यात परत येत होती. "शेवंता, मासा नाही हलत. तुझे डोळे हलतायत."

त्याच आठवड्यात ती आमच्या जिन्यात तोल जाऊन बसली आणि पाटी खालपर्यंत गेली. सगळ्या मजल्यांनी मिळून मासे वेचले. दुसऱ्या दिवशी सुंदराबाई तिला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. सोबत शेवंताचा नवरा चंदू होता. बोटीवर जाणारा, मोजकं बोलणारा माणूस.

डॉक्टरांनी तिला स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट गालावर गेलं. मग पेन हलवून त्याच्याकडे बघायला लावलं. डोळे पेनाच्या मागे धक्के खात खात गेले. रक्त तपासायला बाहेर पाठवलं. निकाल यायला बरेच दिवस लागले.

"तुमच्या रक्तात एक विषाणू आहे," डॉक्टर म्हणाले. "तो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला धरतो. म्हणून पाय ताठ होतात. बहुतेकांचं तेवढ्यावरच राहतं. तुमच्या बाबतीत डोक्याच्या मागच्या लहान मेंदूलाही त्रास झालाय. तोल सांभाळणं, हाताचा नेम, डोळे स्थिर ठेवणं, ही त्याची कामं."

चंदूनं विचारलं, "जगंल ना ती?"

"जगतील. पण आजार मुळापासून घालवणारं औषध नाही. पाय सैल करायच्या गोळ्या देतो, व्यायाम शिकवतो."

"मला कुठून लागला?" शेवंतानं विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. बहुतेक लहानपणी, आईच्या दुधातून. शिवल्यानं, एकत्र जेवल्यानं पसरत नाही. तुमच्या यजमानांची आणि मुलीची तपासणी मात्र करू."

घरी आल्यावर शेवंतानं रिकामी पाटी डोक्यावर ठेवून पाहिली. ती घसरली. दुसऱ्यांदाही घसरली. मग भिंतीला टेकून ती पोटभर रडली. चंदू शेजारी येऊन बसला. म्हणाला, "पाटी मी नेतो. तुला पण नेतो."

त्यानं बोटीवरचं काम सोडलं आणि एक हातगाडी आणली. बर्फ आणि माशांच्या टोपल्यांमध्ये गोणपाट घालून वर शेवंताला बसवलं. गाडी चाळीच्या पटांगणात शिरली तेव्हा बायका गॅलरीत येऊन हसू लागल्या. शेवंता गाडीवरूनच ओरडली, "हसा! तुमच्यातल्या कुणाला नवऱ्यानं असं फिरवलंय?"

मासे कापणं तिला जमत नव्हतं. कोयता एकीकडे आणि हात भलतीकडे. तिनं सुंदराबाईंच्या पुढ्यात कोयता सरकवला. "तू काप. सुताची गाठ मारायचीस ना, तसाच हलका हात ठेव." सुंदराबाईंनी सुरुवातीला कितीतरी सुरमया वाकड्या कापल्या. मग हात बसला. पुढे दोघींचा धंदा भागीत चालला.

मध्ये एक वाईट काळ आला. रक्तातला विषाणू म्हणजे एड्सच, असं कुणीतरी पसरवलं. गिऱ्हाईक आटलं. सुंदराबाईंनी गॅलरीत उभं राहून सांगितलं, "हा वेगळा आजार आहे. मी डॉक्टरच्या तोंडून ऐकलंय. आणि एड्स असता तरी माशाला लागला नसता." लगेच कुणी आलं नाही. महिनाभरानं ताज्या बोंबलांच्या वासानं एकेक दार उघडलं.

चंदूच्या रक्तात काही सापडलं नाही. मुलीच्या, नलूच्या, सापडलं. शेवंताला तो दिवस फार जड गेला. डॉक्टरांनी समजावलं की विषाणू असलेल्यांपैकी अगदी थोडेच आजारी पडतात. पुढे नलूला बाळ झालं तेव्हा त्यांच्या सल्ल्यानं तिनं त्याला अंगावर पाजलं नाही. वाटी-चमच्यानं दूध पाजायचं काम शेवंतानं मागून घेतलं. पहिले दोन दिवस निम्मं दूध बाळाच्या कानात गेलं. मग ती कोपर मांडीवर रोवून पाजायला शिकली. नलू आजवर ठणठणीत आहे.

शेवंताचं बोलणंही पुढे तुटक झालं, एकेक अक्षर वेगळं पडायचं. तरी गप्पा थांबल्या नाहीत. ऐकणाऱ्यानं जरा धीर धरायचा, एवढंच.

एकदा हिवाळ्यात चंदूनं तिला आपल्या भावाच्या बोटीतून समुद्रात नेलं. सुंदराबाई आणि मीही होतो. बोट डोलायला लागली तशा आम्ही दोघी कठड्याला चिकटलो. सुंदराबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. शेवंता दोरखंडावर पाय पसरून आरामात बसली होती.

"घा-ब-रू न-को," ती सुंदराबाईंचा हात धरत म्हणाली. "म-ला स-व-य आ-हे."

आणि तिनं चंदूला बोट आणखी थोडी पुढे न्यायला सांगितलं.