'कर आता' म्हणणारा माणूस

माणूस जातो, पण त्याचं कार्य मागे उरतं. शोकसभेत हे वाक्य तीन वक्त्यांनी म्हटलं आणि तिघांनीही ते आत्ताच सुचल्यासारखं म्हटलं. माझा मित्र विलास चौगुले याच्या मागे किती कार्य उरलं होतं त्याचा नेमका आकडा मला ठाऊक आहे, कारण तो त्याच्या संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात लिहिलेला होता. दोनशे चौदा अपडेट बाकी.

बातमी गुरुवारी सकाळी आली, अकराच्या सुमाराला. मोबाईलवर विलासचं नाव दिसलं तसा मी सवयीने संगणकापुढे जाऊन बसलो, माउसवर हात ठेवला आणि मग फोन घेतला. बारा वर्षं गुरुवारी त्या वेळेला त्या नंबरवरून दोनच शब्द यायचे, 'कर आता'. म्हणजे अपडेट कर. त्या दिवशी सुमनवहिनी बोलल्या. "भावजी, घरी या. हे गेले." मी 'हो' म्हणालो, फोन ठेवला... आणि हात अजून माउसवरच आहे हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

विलास पॅटर्नमेकर होता. फौंड्रीत लोखंडाचा रस ज्या वाळूच्या साच्यात ओततात, तो साचा उठवायला आधी वस्तूचा लाकडी नमुना लागतो. तो पॅटर्न. उद्यमनगरात पत्र्याच्या एका शेडमध्ये त्याने तीस वर्षं सागवानाचे पंपाचे भाग, गिअरच्या पेट्या आणि आणखी काय काय कोरलं. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमच्या कार्डांच्या कपाटाचे खण अडकायला लागले आणि दोन सुतारांनी हात टेकले, तेव्हा कुणीतरी याला घेऊन आलं. त्याने खणाच्या कडेवरून बोट फिरवलं, एका जागी थांबला, रंध्याचे चार हात मारले, आणि खण सरकला. मग मला विचारलं, "सर, लिनक्सवरचं एखादं पुस्तक हाय का तुज्याकडं?" मला तो कायम 'सर' म्हणायचा आणि लगेच पुढे 'तू' लावायचा. पुस्तक नव्हतं. एका मासिकाबरोबर आलेली सीडी होती, ती दिली. ती त्याने परत केली नाही. आमच्या नोंदवहीत ती अजून त्याच्या नावावर आहे.

पुढे माझ्या संगणकात व्हायरस शिरला आणि मी निवृत्तीनंतर करायला घेतलेली जिल्ह्यातल्या जुन्या नियतकालिकांची सूची दोन दिवस दिसेना. विलास आला, फायली सोडवल्या आणि संगणक चालवणारी जुनी व्यवस्था पुसून तिच्या जागी लिनक्स घालून दिलं. फुकट असतं, व्हायरस लागत नाही, हे दोन गुण त्याने सांगितले. तिसरी गोष्ट सांगितली नाही. लिनक्सच्या आवृत्त्या दोन प्रकारच्या असतात. एक पक्की, जी वर्षानुवर्षं हलत नाही. दुसरी चाचणीतली, जिच्यात रोज नवं काहीतरी येऊन पडतं आणि त्यातलं काय मोडकं आहे हे वापरणाऱ्यांनी शोधून कळवायचं असतं. त्याने मला दुसरी घातली. आठवड्याने माझा आवाज गेला, म्हणजे संगणकाचा, तेव्हा मला हे कळलं. मी म्हणालो, मला पक्की दे. तो म्हणाला, "पक्कं झाल्यावर सगळेच घेत्यात. कच्चं कुणीतरी वापराय पायजे की."

त्यानंतर मी अडकलो तो अडकलोच. सूचीत हजारो नोंदी झाल्या होत्या आणि त्या त्याने लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर चालत. दुसरीकडे न्यायच्या तर पुन्हा पहिल्यापासून. मी दर दिवाळीला 'पक्की' मागायचो आणि तो दर दिवाळीला 'दिवाळी होऊ दे' म्हणायचा. मधल्या काळात एकदा पडदा आडवा झाला आणि मी दोन दिवस मान वाकडी करून नोंदी तपासल्या. एकदा पासवर्ड विचारायच्या जागी कीबोर्ड मराठीतच अडकला आणि पासवर्ड इंग्रजी. स्वतःच्याच घराच्या पायरीवर बसवल्यासारखा मी बसून राहिलो. प्रिंटर तर वर्षातून एकदा तरी पानाची डावी अर्धी बाजूच छापायचा. प्रत्येक वेळी विलास फोनवर म्हणायचा, "काळ्या पडद्यावर काय लिवलंय ते वाच." मी इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचायचो, सत्यनारायणाची पोथी वाचावी तशी, म्हणजे अर्थाकडे न बघता. माझी चौथी ओळ व्हायच्या आत तो उपाय सांगायचा. त्याच्या या बुद्धीचं मला फार कौतुक होतं. आणि एक संशयही होता. हा आधी माझ्या संगणकावर अपडेट करून घेतो, काय मोडतं ते बघतो आणि मग सावकाश स्वतःचं करतो.

चारेक वर्षांपूर्वी त्याची छाती धरायला लागली. फौंड्रीची वाळू आणि रंध्याचा भुसा, दोन्ही आत जाऊन बसलं होतं. शेड बंद झाली. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि त्याला वीस फुटांची नळी. ती पलंगापासून संगणकाच्या टेबलापर्यंत पुरायची, तिथून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पुरायची, फाटकापर्यंत पुरायची नाही. मी गुरुवारी संध्याकाळी जायचो. तो आपला लिनक्समध्ये काय मोडलं त्याची तक्रार परदेशातल्या कुणाला तरी लिहीत बसलेला असायचा. एका तक्रारीला आठ महिन्यांनी उत्तर आलं, की आमच्याकडे असं होत नाही. विलास इतका हसला की वहिनींना यंत्राचा काटा वाढवावा लागला. "इथं येऊन बघ म्हणावं त्याला," तो म्हणाला, "पांढरा रस्सा घालतो." मग दम लागला म्हणून थांबला आणि नळीकडे बोट करून म्हणाला, "सर, आपण दोघंबी अडकलोय. मी हिला, तू मला."

तेव्हा मी ते बोलून टाकलं. बारा वर्षं मला बकरा केलास, म्हणालो. त्याने संगणकाचा आवाज तपासायला नेहमी करायचा तेच केलं. दर अपडेटनंतर तो माईकमध्ये एकच वाक्य बोलून ते परत ऐकायचा, "एक, दोन, तीन. सुमन, चहा ठेव." वहिनी आतून 'ठेवते' म्हणायच्या. मग संगणक तेच पुन्हा म्हणायचा आणि वहिनी म्हणायच्या, "एकदा ऐकलंय." ही आमची शेवटची भेट.

शोकसभेत त्याला 'तंत्रयोगी' म्हणण्यात आलं. चौकातल्या फ्लेक्सवर त्याचा चेहरा कुणाच्या तरी कोटावर बसवला होता. विलासने जन्मात कोट घातला नाही. तो असता तर त्याने याचीही तक्रार लिहून पाठवली असती, मानेच्या डाव्या बाजूला दोन बोटं फट आहे, या तपशिलासह.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला थांबवून घेतलं. सगळे गेल्यावर म्हणाल्या, "भावजी, त्यांचा आवाज कुठंच न्हाय. फोटो हाईत, आवाज न्हाय. त्या डब्यात असंल का?" डबा म्हणजे संगणक. मी शोधलं. चहाच्या फायली होत्या, एकेका अपडेटची एक, तारखांसह, शेकड्यांनी. मी त्यातली एक लावली. काही ऐकू आलं नाही. दुसरी लावली, स्पीकरची वायर हलवली, तिसरी लावली. शांतता. वहिनी पदर हातात धरून पडद्याकडे बघत होत्या, जणू तो बोलायच्या आधी घसा खाकरतोय. मी म्हणालो, आवाज गेलाय, संगणकाचा. त्या म्हणाल्या, "मग ते दाबा की, अपडेट."

ते दाबायचं धैर्य मला झालं नाही. दोनशे चौदातल्या एखाद्याने आवाज आला असता, आणि दुसऱ्या एखाद्याने संगणक सुरूच झाला नसता, आणि काळ्या पडद्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला आता पलीकडे कुणी नव्हतं. मी उद्या येतो म्हणालो. असे आठ उद्या झाले. रोज त्या खोलीत जायचं, खुर्चीत बसायचं, आकड्याकडे बघायचं आणि उठायचं. वहिनी चहा आणून ठेवायच्या. नळी गुंडाळून खिळ्याला लावलेली होती.

नवव्या दिवशी त्यांनीच टेबलाच्या खणातून एक वही काढून दिली. शेडमधली, शिवणीत अजून भुसा अडकलेली. आत प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे 'मी', उजवीकडे 'सर'. डावीकडे तारीख आणि काय मोडलं ते : आवाज गेला, पडदा आडवा, पासवर्ड मराठी, चालूच होईना. आणि त्याखाली काय केल्यावर आलं ते. उजवीकडे दोन-दोन दिवसांनंतरची तारीख आणि एक शब्द, 'दिलं'. पान उलटत गेलो. सगळीकडे तेच. प्रिंटर सोडला तर माझ्याकडे जे जे मोडलं होतं ते आधी त्याच्याकडे मोडून दुरुस्त झालेलं होतं. उपाय चौथ्या ओळीच्या आत कसा यायचा, ते कळलं. मग माझ्याकडे मुळात मोडायचं का, त्याचीही नोंद होती, बारा-पंधरा ठिकाणी : 'सरांनी न विचारता दाबलं.' ते दाबलेलं मला आठवत होतं.

वहिनी म्हणाल्या, शेडमध्येही त्यांचं असंच होतं. नव्या पॅटर्नवरून ओतलेलं पहिलं कास्टिंग गिऱ्हाइकाला द्यायचे नाहीत, घणाने फोडायचे, आत पोकळी राहिलीय का बघायला. "पहिलं आपलंच फोडायचं, म्हणायचे."

वहीचं शेवटचं पान अर्धं होतं. डावीकडे, तो गेला त्याच्या दोन दिवस आधीची तारीख : 'आवाज गेला. कारण कळंना.' उजवीकडे काही नव्हतं. म्हणजे ते अपडेट त्याने मला दिलं नव्हतं. म्हणजे माझा संगणक अजून त्या अपडेटच्या आदल्या आठवड्यात उभा होता, आणि आदल्या आठवड्यात आवाज होता.

फायली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि वहिनींना रिक्षाने घरी आणलं. (त्या फायली माझ्या मोबाईलवरही वाजल्या असत्या, हे मला नंतर एका शहाण्याने सांगितलं. मी त्याचे आभार मानले नाहीत.) शेवटची लावली. आधी ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर. मग, "एक... दोन..." आणि इतका वेळ काहीच नाही की मला वाटलं, इथेही गेला. "...तीन. सुमन, चहा ठेव." वहिनी उठल्या. उभ्या राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हे घर माझं आहे, आणि त्या तशाच खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "परत लावा." पाचव्यांदा लावल्यावर म्हणाल्या, "एकदा ऐकलंय," आणि मग रडल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. फायली आता दोन ठिकाणी होत्या, आणि वहीच्या डावीकडच्या रकान्यात पुढची ओळ लिहायला कुणी नव्हतं. बटण कुठलं ते त्यांनी विचारलं, मी दाखवलं, त्यांनी दाबलं. दीड तास आम्ही ओळी वर सरकताना बघत बसलो. संगणक पुन्हा सुरू झाला. वहिनी माईकपाशी वाकून म्हणाल्या, "एक, दोन, तीन." संगणक तेच म्हणाला. वहीत त्यांनी तारीख घातली, पुढे 'आवाज आला' लिहिलं आणि 'मी' या शब्दाला हात लावला नाही.

दोन दिवस गेले. गुरुवारी सकाळी अकराला मोबाईलवर विलासचं नाव आलं. मी माउसवर हात ठेवला आणि मग फोन घेतला.

"भावजी, इथं चालतंय सगळं. करा आता."

केलं. सगळं व्यवस्थित झालं. आवाज आहे, पडदा उभा आहे, सूची उघडते. विलासच्या घरी प्रिंटर कधीच नव्हता, त्यामुळे तेवढं तपासायचं राहिलं. हा लेख वाचून बघायला छापला, तर प्रत्येक पानाची डावी अर्धी बाजूच आली.