सवाष्णीचं पान

झाशीत मराठी घरं ती किती, आणि त्यात सवाष्णी त्याहून कमी. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी इथं आलो तेव्हापासून गौरी असोत की नवरात्र, जेवायला बोलावणं मला ठरलेलं. मी जेवायचेही अशी की वाढणारीचा जीव सुपाएवढा व्हावा. केवढं कौतुक होतं त्याचं. पुढं गुडघे गेले, साखर चढली, पोट कापून लहान करून घ्यावं लागलं, तेव्हा त्यातली एकही बाई दवाखान्यात फिरकली नाही.

ऑपरेशननंतर मी उतरले, साखरेच्या गोळ्याही सुटल्या. मग पोळीचा तुकडा, मग अर्धी, मग अख्खी असं करत वजन परत आलं आणि मागोमाग साखर. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, पुन्हा कापता येणार नाही, सवय बदला नाहीतर इन्सुलिन. त्यासाठी दर बुधवारी फोनवर, व्हिडिओ कॉल लावून, एक गट भरायचा. माझ्यासारखी परत फुगलेली पाच-सहा माणसं आणि समुपदेशन करणाऱ्या एक मॅडम. म्हणाल्या, नकाराचं एक वाक्य घोकून ठेवा. मी म्हटलं, "मॅडम जी, हमारे यहाँ सुहागन को देवी मानकर खिलाते हैं, थाली में छोड़ नहीं सकते." तर म्हणे, "डिब्बे में घर ले आइए." देवीनं डबा न्यायचा! हसावं की रडावं कळेना.

गौरीजेवणाला खंडेराव गेटच्या काकूंनी बोलावलं. आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं, "काकू, दोनच घास वाढा, साखर वाढलीय." "हो गं, ठाऊक आहे," म्हणाल्या, आणि पानावर दोन पुरणपोळ्या, वर तुपाची धार. नवरा आधीच बोलला होता, एका दिवसानं काय होतंय. मी अर्धी पोळी खाल्ली आणि घोकलेलं वाक्य म्हटलं, "पुरे, माझ्या जिवाला झेपत नाही." काकूंनी ओटी भरली, पण कुंकू लावताना माझ्याकडं बघितलं नाही. मी घरी पोचायच्या आत सासूबाईंना फोन गेलेला.

बुधवारी गटात हे सांगितलं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कमी खाल्ल्याबद्दल जन्मात कुणी शाबासकी दिली नव्हती, मला भरून आलं. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"गौरीपुढं पान टाकून आली, आणि वर मिरवतेय."

"आई, असंच खात राहिले तर मरेन मी एक दिवस."

"मग? सवाष्ण गेलीस तर सोनंच होईल तुझं."

आवाज चढवला नाही त्यांनी. मनापासून बोलल्या, आशीर्वाद द्यावा तशा. तेच जास्त लागलं. इतकी वर्षं ह्यांना माझी काळजी आहे असं मी समजत होते.

फोन चालूच होता, पण गटात मराठी कुणालाच कळत नव्हती. मॅडमनी विचारलं, "मम्मी जी क्या कह रही हैं?"

"कह रही हैं, अच्छा किया," मी म्हटलं.

सगळ्यांनी त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.