वरच्या फळीवरची बाटली

"तुमच्याकडे कामाला कोण आहे?" असं कुणी विचारलं की मिस्त्री हातातला पाना न थांबवता म्हणायचे, "कोणी कशाला? घरचा पाय आहे की."

घरचा पाय म्हणजे त्यांची बायको. सगळं गिऱ्हाईक त्यांना काकू म्हणे. गाडीच्या ब्रेकमध्ये नवं ऑइल भरायचं, जुनं काढायचं, आत अडकलेली हवा बाहेर घालवायची, तर माणसं दोन लागतात. एकाने चाकापाशी वाकून निपल, म्हणजे हवा सुटायचा बारीकसा स्क्रू, सैल करायचा आणि आवळायचा, दुसऱ्याने आत बसून पेडल दाबायचं. चाकापाशी मिस्त्री, आत काकू.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

"सोड."

एकतीस वर्षांच्या संसारात आमचं सर्वांत लांबलेलं बोलणं हेच, असं काकू हसत सांगायच्या.

काकूंचा ओढा देवाकडे. पण स्वयंपाक, धुणं आणि मधूनच गॅरेजमधून येणारी हाक, यात माळ घेऊन बसायला सवड कुठली? म्हणून त्यांनी आपली सोय लावून घेतली होती. पेडलच्या प्रत्येक दाबाला देवाचं एक नाव. चाकाला बारा दाब, बारा नावं. चार चाकांची अठ्ठेचाळीस. एकदा त्यांनी नवऱ्याला भीतभीत विचारलं होतं, "अहो, पायाने घेतलेलं नाव देवाला चालत असेल का हो?" मिस्त्री गाडीखालून म्हणाले, "गाडी थांबलेली चालते देवाला. दाब."

त्या मोजणीमुळेच काकूंना आधी कळलं. एकदा मागच्या डाव्या चाकाला बारा झाली, तेरा झाली, चोवीस झाली, तरी मिस्त्री तिथेच.

"अहो, हे झालंय ना?"

"मुद्दाम परत घेतलं. खात्री केलेली बरी."

काकूंना पटलं. पटवून घेतलं. पुढे एकदा निपल आवळायच्या आधीच मिस्त्रींनी "सोड" म्हटलं. दुसऱ्या दाबाला पेडल पायाखाली गादीसारखं बसलं. हवा आत गेली होती. "माझाच पाय लवकर उचलला गेला वाटतं," काकू म्हणाल्या, "परत घेऊ." मिस्त्री कुरकुरले आणि परत घेतलं. लग्न होऊन गेलेली लेक फोनवर विचारायची, "बाबा कसे आहेत?" तर काकू म्हणायच्या, "झकास. मला ओरडतात म्हणजे झकासच." खरं काय ते संध्याकाळी दिवा लावताना देवाला तेवढं सांगायच्या. तोही ऐकून घ्यायचा.

असे साताठ महिने गेल्यावर एका शनिवारी सकाळी दातांचे डॉक्टर आले. माणूस गुणी, पण नाद भलता. वर्षातून चार वेळा शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचे. उद्याच जायचं होतं आणि या खेपेला कॉलेजातली मुलगी हट्टाने शेजारी बसणार होती. येताना त्यांनी ऑइलची बाटली बरोबर आणली होती.

"हेच भरा काका. सगळ्यात भारी. तीनशे पंचवीस अंशांपर्यंत उकळत नाही."

मिस्त्रींनी बाटली हातात घेतली, लांब धरली. "हा कोऱ्या बाटलीचा आकडा. खालचा वाचा."

"एकशे नव्वद."

"तो पाणी प्यायल्यावरचा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, डॉक्टर. झाकण कितीही घट्ट असू द्या. जितकं प्यालं तितकं लवकर उकळतं. उकळलं की बुडबुडे. मग तुम्ही पाय देता तो ऑइलवर नाही, बुडबुड्यांवर. पेडल तळाला आणि गाडी आपली सुसाट. ट्रॅकवरून आल्यावर ऑइल बदलता का?"

डॉक्टर चावीचा जुडगा बोटावर फिरवू लागले.

"लोकांना रोज दात घासायला सांगता ना?"

"काका, बास की आता!"

"म्हणून तुम्हाला पहिल्या आकड्याचं ऑइल नाही, दुसऱ्या आकड्याचं हवं. माझ्याकडचं हे तीनशे दहाला उकळतं, पंधराने कमी. पण पाणी पिऊनही दोनशे साठपर्यंत दम धरतं. पहिला आकडा जे दर वेळी बदलतात त्यांच्यासाठी. दुसरा आळशांसाठी."

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्या जिवात जीव आला. एवढं सगळं तोंडपाठ असलेल्या माणसाचं काय बिघडणार? आपणच उगाच काळजी करत बसतो, असं वाटून त्यांनी मनोमन हात जोडले.

दुपारी काम झालं, तेही कसं, पूर्वीसारखं. मागची दोन चाकं, मग पुढची दोन. बारा, बारा, बारा, बारा. शेवटच्या नावाला पेडल दगडासारखं लागलं. "दगड!" काकू आतून ओरडल्या आणि बाहेरून मिस्त्रींचं हसू ऐकू आलं. मग काकू चहा टाकायला घरात गेल्या. मिस्त्रींनी बॉनेटखालच्या ब्रेकच्या डबीत ऑइल खुणेपर्यंत भरलं, स्वतः आत बसून पेडल पाच-दहा वेळा दाबून पाहिलं आणि मागच्या नळावर हात धुवायला गेले.

चहा ठेवून काकू बाटल्या आवरायला आल्या. उघडलेल्या बाटलीवर तारीख घालून ती बाजूला काढायचं काम त्यांचं, कारण सील तुटलेलं ऑइल मिस्त्री पुन्हा कुणाच्या गाडीत घालत नसत. रिकाम्या दोन बाटल्या होत्या. तिसरी अर्धी होती. तिच्याभोवतीचा वर्तमानपत्राचा कागद खाली पडला होता आणि त्यावर मिस्त्रींच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "हात लावू नये."

ती बाटली वरच्या फळीवर सहा वर्षं होती. एका हौशी माणसाची जुनी गाडी वर्षानुवर्षं उभीच असायची, तिच्यासाठी आणलेलं ते वेगळ्या जातीचं ऑइल. पाणी न पिणारं, पण बाकी ऑइलमध्ये कधीही न मिसळणारं. चुकून घोटाळा होऊ नये म्हणून त्याला जांभळा रंग दिलेला असतो, हेही मिस्त्रींनीच सांगितलेलं.

काकूंनी बॉनेटखाली वाकून पाहिलं. डबी पांढुरकी, आतलं दिसेल अशी. खाली मधासारखं पिवळं ऑइल, वर बोटभर जांभळं. दोन्ही एकमेकांना न शिवता उभी होती.

वरचं उपसता आलं असतं. पण मिस्त्रींनी नंतर पेडल दाबलं होतं. किती आत गेलं, कोण सांगणार? काकू तशाच उभ्या राहिल्या. नाव घ्यायला गेल्या तर एकही आठवेना.

तेवढ्यात डॉक्टर आले. मिस्त्री हात पुसत पुढे झाले. "घ्या चावी. आता बिनघोर पळवा."

काकूंनी मधल्या मधे चावी काढून घेतली. "गाडी न्यायची नाही."

"काय गं हे?"

"चुकीचं ऑइल पडलंय." त्यांनी एक क्षण नवऱ्याकडे पाहिलं. "माझ्या हातून. यांनी बाटली मागितली आणि मी स्टुलावर चढून वरची काढून दिली. बघितलं नाही."

डॉक्टरांनी डबीत पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "काकू, उद्या मुलगी बसणार होती शेजारी," एवढंच म्हणाले आणि गाडी ओढून नेणाऱ्या माणसाला फोन लावला.

मिस्त्रींनी कागद उचलला. स्वतःचं अक्षर पुन्हापुन्हा वाचलं. कपाळाला आठी पडली, काहीतरी हाताशी येता येता निसटावं तसं.

"तू दिलीस मला ही?"

"हो."

"तूच?"

"मीच दिली हो. अजून किती वेळा सांगू?"

हळूहळू आठी गेली. चेहरा सैल झाला आणि मग आवाज चढला. "एवढं मोठं लिहून ठेवलंय! एकतीस वर्षं आत बसतेस, एवढं कळू नये? माणूस मेला असता!"

"चुकलं," काकू म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात एक गाडी आली. काकू सवयीने आत जाऊन बसल्या. मिस्त्री दाराशी आले. "उतर खाली." मग गाडीवाल्याकडे वळून, मान खाली घालून म्हणाले, "ब्रेकची कामं बंद केली आम्ही. घरचा पाय भरवशाचा राहिला नाही." महिन्याभरात बाकीची कामंही थांबली. समोरचा टायरवाला येता-जाता काकूंना म्हणे, "काय काकू, बुडवलंत ना काकांचं दुकान?" काकू पिशवी या हातातून त्या हातात घेत आणि पुढे जात.

हळूहळू मिस्त्री सगळंच विसरत गेले. जेवलो का, आज वार कोणता, पाना कुठला कशाचा. लेक भेटायला आली तर तिला दोनदा विचारलं, "आपण कुणाच्या?" पण ती एक गोष्ट त्यांनी घट्ट धरून ठेवली. कोण येईल त्याला सांगत, "धंदा चांगला चालला होता. हिने चुकीची बाटली दिली." लेकीने आईकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "खरंय. मीच दिली."

आता काकूंना माळ घेऊन बसायला हवी तेवढी सवड आहे. संध्याकाळी दिवा लावून त्या बसतात. एकेक मणी सरतो तसा उजवा पाय नकळत फरशी दाबत राहतो. बारावा मणी आला की त्या थांबतात. पाय तसाच दाबून धरतात आणि मिस्त्री बसलेले असतात त्या आतल्या खोलीकडे कान देतात. तिथून "सोड" काही येत नाही. मग पायाला कळ लागते आणि तो त्यांना आपला आपणच उचलावा लागतो.