पूजेला बसवलेली फोमची तलवार

"ए, हात लावू नको आता. पूजा झालीय तिची."

काकू ओरडल्या आणि माझा हात तिथंच थांबला. समोर पाटावर तलवार. हळदकुंकू लावलेली, झेंडूचं फूल वाहिलेली. शेजारी विळा, कोयता, ट्रॅक्टरचे पाने. खंडेनवमी होती. घरातली हत्यारं पुजायची, म्हणून नाटकातली तलवारही कुणीतरी त्यांत नेऊन ठेवली होती.

ती फोमची होती. मी केलेली.

झरीच्या अलीकडं आमचं गाव. मी परभणीला कॉलेजात जाते. दसऱ्याच्या नाटकाची तालीम वरच्या आळीतल्या काकूंच्या अंगणात चालायची, कारण अंगण त्यांचं, ट्रॅक्टर त्यांचा आणि नाटकातला राजाही त्यांचाच थोरला पोरगा. मी बौद्धवाड्यातली. पण तलवार कोण करणार, म्हटल्यावर सगळ्यांना मीच आठवले. व्यायामाच्या जुन्या चटईचा फोम घेतला, कटरनं पातं कोरलं, पोटात बांबूची कांब घातली. आधी गोंदाचा हात दिला, नाहीतर फोम सगळा रंग पिऊन टाकतो. मग चंदेरी. खाचांत काळा भरून ओला असतानाच पुसला, तेव्हा कुठं ते लोखंड दिसायला लागलं. लय खूश होते मी. ती राजाच्या हातात मीच देणार होते, दासी होऊन. तेवढंच माझं काम. त्यासाठी आईनं विहारात नेसायची नवी पांढरी साडी मला दिली होती.

"काकू, मूठ ढिली हाय. गोंद लावायचा राहिलाय."

"ऱ्हाऊ दे. अन् उद्या तलवार द्यायला आमची पोरगी जाईल."

सगळे मोबाइलमध्ये बघत राहिले. राजासुद्धा. घरी येऊन खूप रडले. सकाळी माझ्या मांडीवर होती ती तलवार, दुपारी देव झाली. आणि ती देव झाल्याबरोबर मी बाटवणारी.

"गप ऱ्हा माय," आई म्हणाली. "त्यांच्याच रानात कापूस येचायचा हाय."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच प्रवेशात मूठ निखळली. मी मागं आईजवळ बसले होते. राजा टॉवेलात गुंडाळून तलवार घेऊन आला.

"तू नुस्तं सांग, मी चिकटवतो. हात लावू नको, माझी आई बघायलीय."

आई माझा दंड दाबत होती. मला भीती वाटत होती. तरी तोंडातून गेलंच.

"जिचा हात चालत न्हाई, तिला इचारू बी नका."

तो काठी घेऊन रंगमंचावर गेला. टाळ्या पडल्या. माझ्यावाचून कुणाचंच काही अडलं नाही. आईचं मात्र अडलं. काकूंनी तिला रानात बोलावणं बंद केलं. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. तिचं चुकलं, असं मला म्हणवत नाही.

परवा त्याच घरातून निरोप आला. शाळेच्या गॅदरिंगला ढाली पाहिजेत. करून दिल्या तर आईनं सोमवारपासून कामावर यावं. आईनं माझ्याकडं पाहिलं.

मी नाही म्हणाले. माझा हात ज्या घराला बाटवतो, त्या घरासाठी तो हात फोमचा तुकडाही कापणार नाही. चूल थंड राहिली तरी नाही. सोमवारी मी कॉलेज बुडवून आईबरोबर शेजारच्या गावात मजुरीला जाणार आहे.